राजमान्य राजश्री कंगवा यांस अनावृत पत्र

मुक्काम : आरशाखालचा खण
विषय : पिंजारलेल्या केसांविरुद्धच्या तक्रारी आणि महोदयांच्या अधिकारांची फेररचना

सा. न. वि. वि.

मृगाचा पाऊस कोकणकिनाऱ्याला लागला की महोदयांच्या दरबारी कुरळ्या आणि लहरदार केसांविरुद्धच्या तक्रारींची रीघ लागते. सकाळी चापूनचोपून घातलेली वेणी दुपारपर्यंत कडेकडेने सुटते, भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड केस उभे राहतात आणि लोकलमधून उतरेपर्यंत डोक्याचे टोपले झालेले असते. घरात अशा डोक्याची संभावना झिपऱ्या म्हणून होते आणि शाम्पूच्या जाहिरातीत त्यालाच फ्रिझ म्हणतात. प्रकार एकच, की केस आपापल्या बटेत न राहता एकेकटे सुटतात आणि वाटेल त्या दिशेला वळतात. फिर्यादी, तपास अधिकारी आणि शिक्षा अमलात आणणारा ही तिन्ही पदे महोदयांकडेच असल्यामुळे या खटल्यांच्या निकालाला कधी विलंब झालेला नाही. गुन्हा बेशिस्तीचा आणि शिक्षा आणखी विंचरण्याची, हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की त्याची फेरतपासणी मागण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. ती मागण्यासाठीच हे पत्र सर्वांसमक्ष लिहिण्यात येत आहे.

ज्यांच्या डोक्यावर महोदय पिढ्यान्‌पिढ्या मिरे वाटत आले, त्यांची घडण कशी आहे हे पाहण्याची तसदी दरबाराने घेतल्याचे दिसत नाही. केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा तंतू असून त्वचेबाहेर आलेला त्याचा भाग मृत असतो. त्याच्या गाभ्यात केराटिनच्या लांब साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाच्या अणूंमधले डायसल्फाइड बंध बळकट असतात, ते पाण्याने तुटत नाहीत आणि केसाचा जन्मजात आकार सांभाळतात; हायड्रोजन बंध मात्र एकेकटे दुबळे पण संख्येने अफाट असतात, पाणी लागताच सुटतात आणि केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलेल्या मुलीच्या केसांत सकाळी लाटा दिसतात त्या या दुसऱ्या बंधांमुळेच. गाभ्यावर चपट्या पेशींचे कवच असते; त्या पेशी छपरावरच्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढलेल्या असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या टोकाकडे असतात. त्यावर स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो, म्हणून निरोगी केसावरून पाण्याचा थेंब घरंगळतो. ब्लीचने किंवा कडक अल्कधर्मी रसायनाने हा थर एकदा गेला की तो परत येत नाही, कारण मृत तंतूला डागडुजी करता येत नाही.

आता आर्द्रतेकडे वळावे. हवा त्या तापमानाला जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात प्रत्यक्ष आहे, या प्रमाणास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. जुलै-ऑगस्टच्या सकाळी मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात ती ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. केस हे बाष्प शोषतो, आणि ते थोडेथोडके नव्हे, तर संपृक्त हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत शोषतो. त्याने तो जाडीला बराच आणि लांबीला किंचित वाढतो. याच किंचित वाढीचा उपयोग करून जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक तयार केला आणि १७८३ साली आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. कोरड्या हवेतून संपृक्त हवेत नेलेला केस सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो, आणि त्याला जोडलेला काटा तेवढा फिरतो. केसांच्या जुडीवर चालणारी अशी उपकरणे वेधशाळांनी पुढे दीर्घकाळ वापरली. थोडक्यात, वेधशाळेत ज्या वर्तनाची नोंद शास्त्रीय निरीक्षण म्हणून होते, तेच वर्तन आरशासमोर घडले तर महोदयांच्या दप्तरी ते बेशिस्त म्हणून चढते.

सोस्यूर यांच्या प्रयोगातील एका तपशिलाकडे महोदयांचे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. उपकरणात लावण्यापूर्वी ते केस सोड्याच्या द्रावणात उकळत असत, कारण केसावरील स्निग्धांश काढून टाकल्याखेरीज तो बाष्पाला पुरेशा तत्परतेने प्रतिसाद देत नसे. अठराव्या शतकातील विद्वानाला जे मुद्दाम घडवून आणावे लागले, ते अंगाच्या साबणाने डोके धुणाऱ्या घरांत आपसूक घडते. साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे कवचाच्या पेशी फुगतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि वरचे तेल तर निघून जातेच. पाणी बोअरचे आणि क्षारयुक्त असेल, तर साबणाचा त्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका केसांवर बसतो, आणि कितीही पाणी ओतले तरी केस राठच लागतात. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस सॅपोनिन या वनस्पतिज द्रव्यांमुळे होतो, त्यांचा साबणासारखा साका बसत नाही आणि शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. म्हणून आजीच्या शिकेकाईची आठवण काढणारे अगदीच चुकतात असे नाही, फक्त ती नीट न गाळल्यास तिचा भुगा केसांत अडकतो आणि तो काढण्यासाठी पुन्हा महोदयांनाच पाचारण करावे लागते.

एवढ्यावरून सगळा ठपका साबणावर आणि पावसावर ठेवता आला असता, तर हे पत्र महोदयांच्या नावे निघाले नसते. कुरळा केस वाकड्या मुळातून उगवतो, त्याचा आडवा छेद गोल नसून लांबट असतो, आणि टाळूवरचे तेल त्याच्या वळणावळणांवरून टोकापर्यंत लवकर पोहोचत नाही, म्हणून त्याची टोके नेहमीच कोरडी असतात. असे केस न्हाल्यानंतर आपोआप बटांमध्ये गोळा होतात. एका बटेतील सगळे केस एकाच वळणाने फिरतात, एकमेकांच्या वळणात वळण घालून बसतात आणि म्हणून कमी जागा घेतात. वाळलेल्या बटेतून कंगवा फिरवला की काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्याच फटक्याला दाते बटेचे चार-पाच भाग करतात, दुसऱ्या फटक्याला ते भाग आणखी फुटतात, प्रत्येक केस शेजाऱ्यापासून सुटतो पण त्याचे वळण तसेच राहते, आणि आता ते शेजाऱ्याच्या वळणाशी जुळत नसल्यामुळे दोघांच्या मध्ये हवा शिरते. बोटभर जाडीची बट पाहता पाहता मूठभर होते. केसांची संख्या एकानेही वाढलेली नसते. वाढलेली असते ती महोदयांनी निर्माण केलेली पोकळी. त्या फुगलेल्या केसांना शिस्त लावण्यासाठी मग पुन्हा कंगवा फिरतो आणि ते आणखी फुगतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची यापेक्षा सुबक व्यवस्था शोधून सापडणार नाही.

विदर्भातील थंडीत तर पावसाचेही निमित्त उरत नाही. कोरड्या हवेत प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला की घर्षणाने विद्युतभार साचतो आणि तो वाहून न्यायला हवेत व केसांत पुरेसे पाणी नसते. सारखा भार असलेले केस एकमेकांना दूर ढकलतात आणि कंगव्यामागे उभे राहतात. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला कागदाचे कपटे उचलून टाळ्या घेणारे महोदय हेच, ही गोष्ट त्यांच्या विस्मरणात गेली असावी.

सहआरोपींपैकी टर्किश टॉवेलचा उल्लेख टाळता येत नाही. ओला केस फुगलेला असतो, सहज ताणला जातो आणि म्हणून लवकर दुखावतो. नेमक्या त्या अवस्थेत मान एका बाजूला कलती करून, केस पुढे घेऊन ते टॉवेलने फटाफट झोडपण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि त्या आवाजाला स्वच्छतेचा पुरावा मानले जाते. त्याऐवजी जुन्या मऊ सुती पंच्यात केस गुंडाळून नुसते दाबले, तर पाणी तेवढेच टिपले जाते आणि कवचाच्या कडा शाबूत राहतात.

तेलाच्या बाबतीत महोदयांचा आणि परंपरेचा काही अंशी विजय मान्य करावा लागतो. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना केली असता, केस धुण्यापूर्वी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलामुळेच केसातून होणारी प्रथिनांची झीज लक्षणीय कमी झाल्याचे आढळले; त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो गाभ्यात शिरू शकतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतून आला, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरी निष्कर्षामागचे रसायन समजण्याजोगे आहे. मात्र तेलाने चप्प बसवलेले डोके सुधारले, असे समजण्याचे कारण नाही. तेलाच्या वजनाने केस खाली दबतात, वळण कायमच असते, आणि न्हाऊन झाल्यावर ते पूर्ववत उभे राहतात.

महोदयांचे आधुनिक वारसदार, म्हणजे केस सरळ करणारी इस्त्री आणि पार्लरमधील रिबॉण्डिंग, यांची कार्यपद्धती अधिक कठोर आहे. इस्त्री हायड्रोजन बंध उष्णतेने मोडून सरळ रेषेत जुळवते, त्यामुळे तिचा अंमल पहिल्या दमट हवेपर्यंतच टिकतो. आणि ओलसर केसांवर ती फिरवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन गाभ्यात बुडबुडे पडतात, तिथेच केस पुढे तुटतो. रिबॉण्डिंगमध्ये डायसल्फाइड बंधच रसायनाने तोडून, केस सरळ ताणून ते पुन्हा जोडले जातात. हा बदल टिकतो, पण टाळूतून महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर नवा केस येतो तो आपल्या मूळ वळणानेच येतो, आणि काही महिन्यांत डोक्यावर दोन राजवटी एकाच वेळी नांदू लागतात. केराटिन या भारदस्त नावाने विकल्या जाणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, जो २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकला. पंधरवड्यावर आलेल्या लग्नासाठी हा वायू बंद वातानुकूलित खोलीत तासन्‌तास हुंगण्याची तयारी दाखवणारे समाजघटक पाहता, पिंजारलेल्या केसांची दहशत महोदयांनी किती परिणामकारकपणे पसरवली आहे याची कल्पना येते.

सबब महोदयांच्या अधिकारांची पुढीलप्रमाणे फेररचना सुचवण्यात येत आहे. कुरळ्या केसांच्या प्रांतात कोरड्या केसांवर कंगवा चालवण्याचा अधिकार रद्द व्हावा. न्हाताना केसांना कंडिशनर लावलेले असतानाच, विरळ दात्यांच्या कंगव्याने, आधी टोकांचा गुंता सोडवून मग क्रमाक्रमाने मुळांकडे जावे. कंडिशनरमधील धनभारित रेणू झिजलेल्या केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटून त्याला बुळबुळीतपणा आणतात, म्हणून गुंता ओढाओढ न करता सुटतो. त्यानंतर केस बोटांनी बटांमध्ये गोळा करावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यांना कोणीही, स्वतः डोक्याच्या मालकिणीनेसुद्धा, हात लावू नये. बंध पुन्हा जुळत असताना केलेली ढवळाढवळ दिवसभर डोक्यावर दिसते. पावसाळ्यात ग्लिसरीनप्रधान जेल जपून वापरावे, कारण ग्लिसरीन पाणी ओढून घेते आणि दमट हवेत त्याला पाण्याची ददात नसते. त्याऐवजी सिलिकोनचा पातळ लेप बाष्पाला बराच काळ बाहेर थोपवतो. सरळ केसांच्या प्रांतात महोदयांचा अंमल पूर्ववत चालू राहील, मात्र केस थोडे वाळू देण्याची अट तेथेही राहील.

तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत हा जुन्या घरांतील निर्बंध कुरळ्या केसांपुरता सकाळ आणि दुपार यांनाही लागू करावा. महोदयांच्या भगिनी श्रीमती फणी यांच्याकडील उवा-लिखांचे खाते निर्विवाद उपयुक्त असल्यामुळे त्यात कोणताही बदल प्रस्तावित नाही.

कळावे. प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी टर्किश टॉवेल व अंगाचा साबण यांस रवाना. इस्त्रीस नोटीस स्वतंत्रपणे, ती थंड झाल्यावर, बजावण्यात येईल.