समुद्र दिसतो का?

सोलापूरचे भावोजी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आले, बॅग कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोरच्या बिऱ्हाडाचे गंजीफ्रॉक वाळत होते. ते त्यांनी नीट पाहून घेतले आणि विचारलं, "समुद्र दिसतो का?"

गिरगावात राहणाऱ्याला हा प्रश्न जन्मभर पुरतो. चौपाटी आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. चार पिढ्या समुद्रकाठी काढल्या, असं आम्ही सांगतो आणि सांगताना मान थोडी ताठ होते. पण दिसायचं म्हणाल, तर तो घरातच दिसतो. खिडकीच्या गजांना गंज चढतो तो त्याच्यामुळे, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते त्याच्यामुळे, दिवाळीचा चिवडा पाडव्यालाच सादळतो तोही त्याच्यामुळे. समुद्राचा त्रास पागडीवाल्याला, दर्शन ओनरशिपवाल्याला, अशी जुनी वाटणी आहे.

"दिसत नाही, पण आहे," मी म्हटलं. देवाबद्दलही आपण असंच सांगतो.

पूर्वी दिसायचा म्हणे. चर्नी रोडवरून आगगाडी सुरू झाली, तेव्हा रूळ समुद्राच्या काठाकाठाने होते. 'चर्नी' हे नाव गुरांच्या चरण्यावरून पडलं असं सांगतात. १८३८ मध्ये इंग्रजांनी चराईवर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी पदरचे २०,००० रुपये घालून ठाकुरद्वारजवळ समुद्रालगतचं कुरण विकत घेतलं आणि गुरांना फुकट चरू दिलं. म्हणजे गिरगावात समुद्रदर्शनासह मोफत जेवणाची सोय एकदाच झाली, ती गुरांची. पुढे भराव घातला, मरीन ड्राइव्ह झाला. त्या भरावावरच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या. आमची चाळ त्यांच्याहून वडील, पण आम्हाला मिळाली ती 'धोकादायक इमारत' अशी पाटी. ती मात्र मोठ्या अक्षरांत आहे.

संध्याकाळी भावोजींना चौपाटीवर नेलं. खरं सांगायचं तर पाहुणा आला म्हणून मीही गेलो. गिरगावकर स्वतःहून चौपाटीवर जातो तो अनंत चतुर्दशीला, आणि तेव्हा समोर समुद्र नसतो, माणसं असतात. लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांच्यावर इथल्या वाळूतच अंत्यसंस्कार झाले. भावोजींनी चपला काढून नमस्कार केला. समुद्राला लागून जागा असलेला आणि ट्रान्झिट कॅम्पात जावं न लागणारा गिरगावातला हा एकच जुना रहिवासी.

पुढे दर्शक गॅलरी आहे, २०२२ मध्ये केलेली. छान लाकडी जमीन, कठडे, दिवे. भावोजींनी कठड्यावर रेलून लांब श्वास घेतला आणि तो अर्ध्यावर सोडला. मग खाली वाकून पाहिलं. गॅलरी पावसाळी नाल्याच्या मुखावर उभी आहे. दादर चौपाटीवरही असंच केलेलं आहे. मुंबईत समुद्राकाठी मोकळी उरलेली जागा नाल्याच्या तोंडाशीच असायची, त्याला पालिका तरी काय करणार? नजर क्षितिजावर ठेवायची आणि नाक खिशात.

दुसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, तो किनारी रस्ता दाखवा. टॅक्सी केली. चौपाटीजवळून गाडी किनारी रस्त्याला लागली आणि थेट बोगद्यात शिरली. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटर. भावोजी काचेला नाक लावून बसले होते. "समुद्र कुठल्या बाजूला येईल?" ते विचारत होते. ड्रायव्हर म्हणाला, "डोक्यावर डोंगर आहे, शांत बसा." बाहेर पडल्यावर समुद्र आला खरा, पण ताशी ऐंशीच्या वेगाने मागे गेला.

परतताना लालबाग-परळवरून आलो. सूतगिरण्यांचं गाव सोलापूरकराला सांगावं लागत नाही. भोंगा, पाळी, डबा हे शब्द दोन्हीकडे सारखे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसं गिरणीच्या फाटकाबाहेर राहिली. आता फाटकाच्या आत मॉल आहे आणि वर टॉवर. गिरणगावातून कधी समुद्र दिसतो हे गिरणीत राबणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. ते पन्नासाव्या मजल्यावर गेल्यावर कळलं. गिरणी कामगाराला घरासाठी शेलू-वांगणीची नावं सुचवली जातात. तिथून समुद्र दिसायचा प्रश्नच मिटतो, मुंबईही दिसत नाही.

अर्थात तळमजल्यावर राहणाऱ्यांकडे निसर्गाने अगदीच दुर्लक्ष केलेलं नाही. परळजवळ हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की समुद्र नाल्यांची तोंडं अडवतो आणि पाणी रस्त्यावरच मुक्काम करतं. इतरांना समुद्राकडे जावं लागतं, हिंदमाताला तो आपला माणूस पाठवतो. आता तिथे जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यात. पाहुणा वारंवार येऊ लागला की माणूस जास्तीची गादी करून ठेवतोच.

समुद्राला मोठा-लहान कळत नाही हे मात्र खरं. २०२५ मध्ये लालबागचा राजा नव्या तराफ्यासह चौपाटीवर पोहोचला, पण भरतीचं गणित चुकलं आणि विसर्जन अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री झालं. ज्याच्या दर्शनासाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहतात, त्याला त्या दिवशी समुद्राने रांगेत उभं केलं. व्हीआयपी पासही नव्हता.

आमच्या चाळीतही पुनर्विकासाची सभा झाली. पडद्यावर नकाशा आला. बेचाळीस मजल्यांची विक्रीची इमारत पुढे, समुद्राच्या अंगाला. आमची मागे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आमच्या खिडकीतून काय दिसेल?"

"पोडियम."

"म्हणजे?"

"मोटारी ठेवायची जागा. सात मजले."

काकूंनी विचार केला. "मोटारी चांगल्या असतील ना?"

तसं आश्वासन मिळाल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या.

शेवटच्या दिवशी भावोजींचं तोंड बघवेना. म्हटलं, इस्त्रीचा शर्ट घाला. आमच्या मागच्या गल्लीत एक टॉवर होतो आहे, तिथे गिऱ्हाईक म्हणून गेलो. भावोजींनी आपला चादरीचा व्यापार असल्याचं सांगितलं. थंड पाणी आलं, बदाम आले, लिफ्ट एकविसाव्या मजल्यावर गेली आणि पडदा आपोआप सरकला.

अख्खा समुद्र होता. इकडून मलबार हिल, तिकडून नरिमन पॉइंट, मध्ये तो. भावोजी काही बोलले नाहीत. मीही नाही. पन्नास वर्षं ज्याच्या शेजारी राहिलो, त्याची धड ओळख आज होत होती. मग नजर खाली गेली. कौलांच्या गर्दीत आमची गच्ची दिसली, गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसले, पापड राखायला बसलेली बायकोही दिसली.

"हा व्ह्यू कायम राहील ना?" चादरीच्या व्यापाऱ्याने विचारलं.

"शंभर टक्के," दाखवणारी मुलगी म्हणाली. तिने बोट नेमकं आमच्या पापडांवर ठेवलं. "समोर ही एवढीच चाळ आहे. तीन मजली. पागडीची माणसं आहेत सर, ती कुठे जातात?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी एक बदाम उचलला.

"चाळ चांगली आहे," मी म्हटलं. "माणसंही वर जाणाऱ्यातली नाहीत."