तातडीचे ६५ दिवस

इंग्लंडमध्ये घरात दाणा नसेल, तर आईबाप कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक प्रशासनाचे, दार ठोठावतात. मुलांसाठीच्या १९८९च्या कायद्याचे १७वे कलम म्हणते की, गरजू मुलांच्या कुटुंबाला कौन्सिल रोख पैसेही देऊ शकते. 'देऊ शकते' आणि 'देते' यांच्यामधल्या फटीत गरिबाचे बोट सापडते.

नकार आला? खुशाल दाद मागा! पहिल्या टप्प्याला १० दिवस, लांबला तर २०. दुसऱ्याला २५, फार तर ६५. तिसऱ्याची समिती ३० दिवसांत बसते. हे सगळे कामाचे दिवस बरं का. पोराची भूक तेवढी शनिवार-रविवारीही हजेरी लावते. पुढे लोकपाल आहेत, पण तेही बहुधा आधी कौन्सिलचे उंबरे झिजवून यायला सांगतात.

कलम १७खेरीज पूर्वी अडीनडीला केंद्राचा सोशल फंड असे आणि त्याचा नकार तपासायला बाहेरचे निरीक्षक. एप्रिल २०१३मध्ये त्या फंडातली आणीबाणीची कर्जे आणि अनुदाने बंद झाली, पाठोपाठ निरीक्षकही घरी गेले. काम कौन्सिलांच्या गळ्यात पडले. सोबत पैसा आला, पण तो याच कामी लावा अशी सक्ती काही आली नाही. आता या स्थानिक मदतीचा नकार बहुतेक ठिकाणी कौन्सिलच पुन्हा तपासते. सासूची तक्रार सासूकडेच!

तिकडे कुणी नात्यातले अडले असेल, तर एवढे कळवा: तोंडी नकारावर परत फिरू नका, कारणासकट लेखी मागा. आणि कलम १७चा मामला असेल, तर तो कागद घेऊन थेट वकील गाठा.