एस. टी.ने येणारे घर

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून करवीरनगरीत वसतिगृहांची जी परंपरा वाढीस लावली, तिच्यामुळे खेड्यातल्या पोराच्या निवाऱ्याचा नि अन्नाचा प्रश्न दरबारी दप्तरातच निकालात निघाला. परंतु दिवेलागणीला त्याच पोराच्या कंठाशी जो हुंदका दाटून येतो, त्याच्या बंदोबस्ताचे कलम कोणत्याही हुजूर हुकुमात आढळत नाही. ही उणीव १९४८ साली सुरू झालेल्या एस. टी.ने, स्वतःच्याही नकळत, भरून काढली.

आम्हा भुदरगडाकडच्या पोरांचे डबे गारगोटीच्या गाडीने येत. आमच्या डब्याच्या झाकणावर भांडे खरेदी करणाऱ्या आजोबांचे नाव कोरलेले असल्यामुळे, कैलासवासी होऊन बराच काळ लोटला तरी स्टँडवर त्यांच्या नावाचा रोज पुकारा होई आणि त्यांच्या वतीने मी हजर होत असे. आत ज्वारीच्या भाकरी, आमटी, मिरचीचा खर्डा आणि वडिलांच्या हातची, पण आईच्या तोंडची चिठ्ठी: ‘म्हशीनं दूध कमी केलंय. अभ्यास कर.’ या दोन वाक्यांतील कार्यकारणभाव मला तर्कशास्त्राच्या पेपरापर्यंत उमगला नाही. मात्र भाकरी संपेपर्यंत मी गावी असे आणि हात धुताच पुन्हा कोल्हापुरात येई, इतका तो डबा गुणकारी होता.

खरी पंचाईत झाली ती माझ्या खोलीतल्या मालवणकडच्या मित्राची. फोंडा घाट चढून माशाचे कालवण सुस्थितीत पोहोचण्याची कोणतीच तजवीज नसल्याने त्याने माझ्या डब्यात अर्धा हिस्सा मागितला आणि तो वहिवाटीने कायम झाला. परंतु ज्याचे अन्न खावे त्याचीच ओढ लागावी, असा काही शरीरधर्म असावा. कारण स्वतःच्या समुद्राला विसरून हा गृहस्थ, ज्याची वेसही त्याने पाहिली नव्हती अशा माझ्या गावासाठी झुरू लागला. म्हशीची प्रकृती तो माझ्याआधी विचारी. चिठ्ठीला उशीर झाला, तर उशीत तोंड खुपसून तोच पडे आणि समजूत घालण्याचे काम माझ्याकडे येई. दिवाळीच्या सुटीत तर तो मालवणच्या गाडीला पाठ दाखवून माझ्याबरोबर गारगोटीच्या गाडीत चढला, म्हशीला खाजवून आला आणि परतताना आईच्या पाया पडून असा रडला, की आम्हां सख्ख्या मुलांना शरम वाटावी.

पुढच्या डब्यात दोन भाकरी जास्त होत्या आणि चिठ्ठीत मजकूर होता: ‘कोकणातल्या पोराला पोटभर घाल. म्हस बरी हाय म्हणून सांग. तुझं बरंच असंल.’