पेटुनियाची मान

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा कुंपणाशी, झाडांना पाणी नंतर घाला. नाही हो, पलीकडच्या बंगल्यातलं नाही, ते उद्या. हे प्रिव्हेट ड्राइव्हवरच्या चार नंबरच्या घरातलं. ती पेटुनिया नाही का, हॅरी पॉटरची मावशी!

झालं काय, लेकीच्या खोलीतला माळा आवरायला काढला. ती गेली नोकरीला बंगळुरूला, पुस्तकं राहिली इथे. सातही खाली काढली. पाचवं तर उशीएवढं जाड! सातवं आलं 2007च्या जुलैत, तेव्हा आम्ही मायलेकींनी ओढाओढी करून वाचलं होतं. म्हटलं, धूळ पुसता पुसता एखादं पान बघू. तीन आठवडे झाले, माळ्यावरचं सामान अजून हॉलमध्येच पडलंय. ह्यांनी ब्र काढला नाही, पण परवा सुटकेसला अडखळले तेव्हाचा चेहरा बघायला हवा होतात.

तर काय सांगत होते... हां, पेटुनिया. पहिल्याच पानावर आलंय बघा, तिची मान चारचौघींच्या जवळजवळ दुप्पट लांब, आणि तिचा उपयोग काय, तर कुंपणावरून शेजाऱ्यांकडे डोकावायला! हसत हसत लेकीला फोनवर सांगितलं, तर कार्टी म्हणते, "आई, सेम टू सेम तू." मी म्हटलं, अगं, माझी मान आखूड आहे.

पण मनात राहिलं हो ते. मागच्या खेपेला मी पेटुनियाला इतक्या शिव्या घातल्या होत्या! सख्ख्या बहिणीचं पोर जिन्याखालच्या फडताळात ठेवतं का कोणी? त्या शिव्या मी परत घेत नाही. पण शेवटच्या पुस्तकातलं ते पत्र आठवतंय ना? लहानपणी ह्या बाईने चक्क जादूच्या शाळेच्या हेडमास्तरांना, डम्बलडोरना लिहिलं होतं, मलाही तुमच्या शाळेत घ्या म्हणून! त्यांनी उत्तरही दिलं, प्रेमाने, पण नाहीच. आणि ते पत्र कोणी बघितलं, तर धाकट्या बहिणीने, लिलीने, आणि तिच्या दोस्ताने, त्या स्नेपने. बरं, बघितलं तर गप्प बसावं की नाही? लिलीने भर स्टेशनवर बोलून दाखवलं. पेटुनिया लालबुंद झाली. जे बोलली ते वाईटच बोलली, पण धाकटी चाललीय जादूच्या गाडीने आणि थोरली उभी फलाटावर... जाऊ दे.

आणि डोकावणारी ती एकटी होती थोडीच? दोन गल्ल्या पलीकडे मिसेस फिग! मांजरंच मांजरं, घराला कोबीचा वास, आणि वर्षानुवर्षं ठेवलेला वाटावा असा केक. आपण समजलो, म्हातारी चळलीय. पाचव्या पुस्तकात कळतं की बाई डम्बलडोरांच्या सांगण्यावरून इतकी वर्षं पोरावर नजर ठेवून होत्या. मुद्दाम कंटाळवाणं वागायच्या, कारण पोराला तिथे मजा येते असं कळलं असतं तर पेटुनियाच्या घरच्यांनी पाठवलंच नसतं. बघा! म्हणजे शेजारणीने लक्ष ठेवणं काही वाईटच असतं असं नाही. हे लेकीलाही ऐकवलं मी.

तर काय सांगत होते... ह्या खेपेला माझं लक्ष पोरांत लागेचना. पोरं काय, अकराची सतराची होणारच. हॅरी चिडतो, रॉन रुसतो, हर्मायनी अभ्यास करते. मी आपली त्यांच्या मागे मोठ्यांच्यात काय चाललंय तेच बघत होते. रॉनच्या घरचं, वीस्लींकडचं ते सूनप्रकरण! फ्लर ही फ्रेंच सून येणार म्हटल्यावर रॉनच्या आईचं, मॉलीचं नाक जे वर गेलं ते गेलंच. रॉनच्या बहिणीने, जिनीने तर होणाऱ्या वहिनीचं नाव पाडलं होतं घशातला कफ! इंग्रजीत ते 'फ्लर'शी जुळतं. मागे मी पण हसले होते, खोटं कशाला बोलू. आणि मग नवऱ्यामुलाचा, बिलचा चेहरा त्या ग्रेबॅक नावाच्या नरलांडग्याने फाडला. दवाखान्यात मॉली मलम लावतेय, डोळ्याला धार, आणि तोंडातून गेलं, लग्न होणार होतं हो त्याचं. होणार *होतं*! फ्लर जी उसळली! म्हणे, मी लग्न करणार नाही असं वाटलं तुम्हाला? दोघांपुरतं रूप माझ्याकडे आहे! सासूला बाजूला सारून मलमाची वाटी घेतली हातात. कोणाला काही सुचेना. मॉली बराच वेळ गप्प. आणि मग काय म्हणाली असेल? मुरिएलआजीकडे एक मुकुट आहे, लग्नात तुझ्या केसांवर छान दिसेल. बस्स. माफी नाही, काही नाही. आपल्याकडे सासूने फडताळातली जुनी ठुशी काढून पुढे करावी ना, तसं. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मी पण, कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या तरी.

आणि तीच फ्लर पुढे पर्सीच्या वेळी! आठवतोय ना पर्सी, रॉनचा भाऊ? कढयांच्या बुडाची जाडी किती असावी ह्यावर रिपोर्ट लिहिणारा. जादूच्या मंत्रालयाच्या नादाने बापाशी भांडला, आईने विणलेला नाताळचा स्वेटर तसाच परत धाडला. एक ओळ लिहिली नाही हो सोबत! पुढच्या नाताळाला आला तो साहेबांबरोबर, तर भावंडांनी चष्म्यावर कुस्करलेला पार्सनिप फेकला, आणि नंतर तिघंही म्हणतात, मीच फेकला. लढाईच्या रात्री हा बोगद्यातून उगवला, तर समोर अख्खं घर! कोणी बोलेना. तेव्हा फ्लरने तिथल्या लूपिनला त्याच्या तान्ह्या बाळाचं विचारलं, काय, छोटा टेडी कसा आहे? मी पुस्तक मिटून टाळी दिली, कोणाला, तर उशीला. हीच ती नाक उडवणारी पोरगी! मग पर्सीने कबूल केलं की मी मूर्ख होतो. त्याच्या भावाने, फ्रेडने त्यात आणखी चार विशेषणं घातली, ती पण त्याने मुकाट घेतली, आणि फ्रेडनेच आधी हात पुढे केला. थोड्या वेळाने पर्सीने लढता लढता मंत्र्याच्या तोंडावर राजीनाम्याचा विनोद केला. पर्सीने, विनोद! फ्रेड हसत होता, आणि भिंत... नको, ते पान मी ह्या वेळी पण भरभर उलटलं.

स्नेपचं म्हणाल तर सगळे रडतात, रडू देत. मला नाही येत रडू. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला सगळ्यात जास्त भीती कोणाची, तर ह्या स्नेपमास्तरांची! त्या पोराचे आईवडील छळाने भान हरपून दवाखान्यात, आई येऊन हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाक केराच्या टोपलीत. आणि तो हळूच खिशात घालतो. अशा पोराला वर्गात घालूनपाडून बोलायचं? आजीपण काही कमी नव्हती, गिधाडाची टोपी घालून ऊठसूट बापाशी तुलना. पण शेवटी तिला पकडायला आलेला माणूसच दवाखान्यात पडला, आणि नातवाला पत्र आलं की तू शोभतोस आईबापांना. सोळा-सतरा वर्षं लागली बाईला ते लिहायला.

तर काय सांगत होते... चहा! सातव्याच्या सुरुवातीला हॅरीचा पाय खोलीबाहेर ठेवलेल्या गार चहाच्या कपावर पडतो. त्याला वाटतं, पेटुनियाच्या पोराचा, डडलीचा खोडसाळपणा. पुढे घर सोडताना तो ढोल्या डडली, ज्याने आयुष्यभर ह्याला बुकललं, हात पुढे करतो, तू काही फुकट जागा अडवणारा नाहीस असलं काहीसं बोलतो, तेव्हा हॅरीच्या डोक्यात येतं. अहो, चहा होता तो! ठेवून गेला होता बिचारा, हाक मारायची हिंमत झाली नाही.

आणि पेटुनिया? सगळे बाहेर गेले, ही दाराशी थांबली. वळली. भाच्याकडे बघितलं, काहीतरी ओठाशी आलं होतं... आणि मान झटकून गेली निघून. काय बोलायचं होतं हो तिला? मी लगेच लेकीला फोन लावला, तर म्हणते, "आई, मीटिंगमध्ये आहे."

अय्या, थांबा थांबा. पलीकडच्या गेटशी रिक्षा आली. बॅगा पण आहेत! कोण उतरतंय? सरका ना जरा, माझी मान पुरत नाही.