मिलिमीटरचा संसार

एकूण सात सायकली. त्यांतल्या ठेवायच्या कोणत्या आणि काढायच्या कोणत्या, हे ठरवायला गेल्या रविवारी कोथरूडच्या एका तिसऱ्या मजल्यावर बैठक भरली. गृहस्थ कोणते ते सांगत बसत नाही. तुमच्याही बिल्डिंगमध्ये एक आहेत. आम्हाला बोलावणं आलं, कारण आम्हाला सायकल चालवता येते पण आमच्याकडे सायकल नाही. म्हणजे हितसंबंध शून्य. वहिनींची मागणी एवढीच होती की दिवाळीत पाहुणे आले तर त्यांना हॉलमध्ये बसता यावं. गृहस्थांच्या मते ही मागणी टोकाची होती.

सुरुवात आम्हीच केली. भिंतीवर एकाखाली एक टांगलेल्या दोन काळ्या सायकली दाखवून म्हटलं, "या दोन्ही सारख्याच दिसतायत. यातली एक काढा."

गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला. "सारख्या? अहो, हिचे टायर २५चे आहेत. हिचे २८चे."

२५ आणि २८ काय, तर मिलिमीटर. फरक तीनचा. महिनाभर नखं कापली नाहीत तर साधारण तेवढीच वाढतात. पण या तीन मिलिमीटरवर गृहस्थ जे बोलायला लागले ते वहिनींनी दुसरा चहा आणेपर्यंत थांबले नाहीत, आणि दुर्दैव असं की ते बोलत होते त्यातलं सगळं खरं होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी रोड बाईकचा टायर म्हणजे २३चा. बारीक टायर, त्यात १२० पीएसआय हवा, आणि खड्ड्यात गेलं की हिशेब थेट मणक्याशी. जितका बारीक तितका वेगवान, अशी तेव्हा श्रद्धा होती. मग मोजमाप करणाऱ्यांच्या लक्षात आलं की खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टायर नुसता उडत राहतो, आणि उडण्यात ताकद वाया जाते. हवेचा दाब सारखा ठेवला तर रुंद टायर उलट हलका पळतो. झालं. २३चे २५ झाले, २५चे २८ आणि २८चे ३२. आता तुम्ही म्हणाल, टायर रुंद हवा तर टायर बदला, सायकल कशाला बदलता? इथेच तर मेख आहे. रिम ब्रेकच्या चिमट्यात २८च्या पुढचा टायर बहुधा मावत नाही. म्हणून डिस्क ब्रेक आले. डिस्क ब्रेक जुन्या फ्रेमला लागत नाहीत, म्हणून नवी फ्रेम. नव्या फ्रेमचा आसही वेगळा, म्हणून जुनी चाकं तिला बसत नाहीत, म्हणून नवी चाकं. अशा रीतीने तीन मिलिमीटर रबरापायी दोन लाखांची सायकल घरी येते, आणि जुनी काढावी म्हटलं तर ती कोणी घेत नाही, कारण घेणाऱ्यालाही एव्हाना ३२च हवे असतात. भिंतीवर शेवटी काय उरतं? श्रद्धा कुठल्या साली किती रुंद होती, त्याचा इतिहास.

बाकीच्यांचे निकाल भराभर लागले. पांढरी ठेवायची, कारण ती घाटाची. शर्यतींच्या जागतिक नियमानुसार सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही आणि ही भरते ६.७. उद्या एखाद्या जागतिक शर्यतीतून आपल्याला बाद करतील या धास्तीने गृहस्थांनी तिला पाण्याच्या बाटलीचा स्टँड मुद्दाम जड बसवला आहे. टायटॅनियमची ठेवायची, कारण ती गंजत नाही, म्हणून खास पावसाळ्यासाठी घेतलेली. पावसात मात्र तिला बाहेर काढत नाहीत, खराब होईल. निळी बीआरएमची. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायला तीच लागते. ते अजून केलेले नाहीत, पण तिच्याशिवाय होणारच नाहीत ना! लाल पहिली, म्हणून तिचं नावही काढायचं नाही. उरली ट्रेनरवरची. तिचं मागचं चाक काढून ती यंत्रात बसवलेली आहे आणि समोर टीव्ही आहे. त्या टीव्हीवर गृहस्थ आल्प द्युएझची एकवीस वळणं चढतात. सिंहगड इथून हाकेच्या अंतरावर, पण त्या रस्त्याला ट्रॅफिक असतं. जिला मागचं चाकच नाही, त्या सायकलीला टायर कितीचे असावेत यावरही थोडी चर्चा झाली.

सातही राहिल्या. वहिनी आत निघून गेल्या.

या बैठकीला यायला आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला होता, कारण खाली गेटवर वॉचमन आपली सायकल बाहेरच्या विजेच्या खांबाला साखळीने बांधत होता आणि आम्ही जरा थांबलो. तो धायरीहून येतो. रोज येतो, रोज जातो, पावसात येतो, आणि किती किलोमीटर झाले ते कुठल्याही ॲपवर टाकत नाही. त्याची सायकल गेटच्या आत चालत नाही. पूर्वी आत सायकलींचा लोखंडी स्टँड होता, तो काढून तिथे दोन मोटारींची जागा आखली. भाजीवाला, पेपरवाला, धुणंभांडी करायला येणाऱ्या बाई, यांच्या सायकली बाहेर. यांनी लिफ्टही मागची वापरायची. कार्बनची सायकल मात्र पुढच्या लिफ्टने, आरशासमोरून, मालकाच्या खांद्यावर बसून वर जाते. तिच्यासाठी लोक लिफ्टचं दार धरून उभे राहतात! या शहराला कधी काळी सायकलींचं शहर म्हणत, ते भिंतीवर टांगलेल्या सायकली मोजून नव्हे. जो सायकल चालवतो त्याला गेटाबाहेर उभं करायचं, जो चालवत नाही त्याचा पर्यावरणदिनी नारळ-शाल देऊन सत्कार करायचा, आणि वर वर्गणी मागायला आमच्याच दारात यायचं. आम्ही यंदा दिली नाही.

असो. बैठक निष्फळ ठरू नये म्हणून गृहस्थांनी शेवटी एक सायकल काढायचं मान्य केलं. आठवी. ती मोजणीत नव्हती, कारण ती खाली जिन्याजवळ असते. वडिलांची. पुढे दांडी, मागे कॅरिअर, साखळीला पत्र्याचं झाकण, घंटी, स्टँड. वहिनी दूध आणायला तीच नेतात. ती काढल्याने हॉलमध्ये वीतभरही जागा झाली नाही, पण धोरण म्हणून निर्णय मोठा होता. शिवाय नवी येतेय. ग्रॅव्हल बाईक, खडीच्या रस्त्यांसाठी. तिचे टायर कितीचे, असं आम्ही विचारलं. "४०चे!" गृहस्थांचा आवाज भरून आला. "काय आराम मिळतो म्हणून सांगू! हे लोकांना आधी कसं सुचलं नाही?"

वडिलांच्या सायकलीचे टायर आम्ही खाली जाऊन वाकून पाहिले. अठ्ठावीस-दीड इंची. म्हणजे ४० मिलिमीटर.

भंगारवाला तोवर आलाच होता. त्याने सायकल काट्याला अडकवली तेव्हा ती बावीस किलो भरली. मग खाली उतरवून त्याने दोन्ही टायर सोलून भिंतीशी टाकले आणि सायकल पुन्हा काट्याला लावली.

"रबराचे पैसे नाही धरत हां, साहेब."