तीन तासांचा कॅमेरा

दहावीचा निकाल लागला की आमच्या बिदर-कलबुर्गीकडं नापास पोरं तोंड लपवतात आणि समित्या तोंड उघडतात. २०२५ साली कर्नाटकात दक्षिण कन्नड जिल्हा ९१ टक्के घेऊन पहिला आला आणि आमचं कलबुर्गी ४२ टक्क्यांवर शेवटचं. आदल्या वर्षी हा मान शेजारच्या यादगीरला होता. कलबुर्गी विभागाबाहेर काही तो जाऊ दिला नाही, ही एकी बघा.

निकाल का पडला हे शोधायला बसलेल्या समितीला कारण लगेच सापडतं: पोरं अभ्यास करत नाहीत. भालकीकडच्या एका पालकाला मी विचारलं, "पोरगं कशात गेलं?"

"गणितात."

"गणिताला सर कोण?"

"वर्षभर आलेच नाहीत की वो."

"मग कोण शिकवलं?"

"पी.टी.चे सर. पळायला चांगलं शिकवलेत."

जे गुरुजी आहेत, त्यांनाही शाळेत बसू देतं कोण? निवडणूक आली, काढा गुरुजींना. २०२५च्या दसऱ्यात जातींचं सर्वेक्षण निघालं; गुरुजी दारोदार फिरले आणि ते उरकेना म्हणून शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबवली. कुठल्या घरात माणसं किती, ते गुरुजींना तोंडपाठ. वर्गात पोरं किती, ते हजेरीपटालाच ठाऊक!

मराठी शाळेतल्या पोराची तर आणखी मजा. घरात मराठी, बाजारात दखनी, शाळेत पाठ करायला इंग्रजी आणि पुढं नोकरीचा अर्ज कन्नडात. चार भाषांत गप्प बसता येतं त्याला.

मोठ्यांचे अडथळे मात्र सरकार तत्परतेनं दूर करतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ते दुपारी दीड. साहेबांना ऊन लागतं. औरादचा शेतकरी पहिली बस पकडून बिदरला पोचेतो साहेब नाश्त्याला, नाश्ता होईतो सर्व्हर डाऊन आणि सर्व्हर उठेतो दीड.

पोरांसाठीही उपाय झाले, नाही असं नाही. २०२४ला परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसले, वेबकास्टिंग सुरू झालं. कॉपी थांबली आणि निकाल धाडकन आपटला. मग त्या सालापुरती ग्रेस मार्क मिळायची रेघ ३५ टक्क्यांवरून २५वर आणली, ग्रेस मार्कही १० टक्क्यांचे २० केले. पोरगं उडी मारेना, म्हणून दांडीच जमिनीला टेकवली. पायात बळ यावं म्हणून वर्षभर काय खाऊ घातलं, हे विचारायचं राहून गेलं.

आमची एक नम्र सूचना आहे. कॅमेरा परीक्षेच्या तीन तासांपुरता कशाला? जूनपासूनच चालू ठेवा. गणिताच्या तासाची रिकामी खुर्ची बेंगळूरूला विधानसौधात थेट दिसू द्या.

सूचना मंजूर व्हायची नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. वर्षभर कॅमेरा चालला तर पहिली कॉपी समितीचीच सापडेल. मागच्या सालचा अहवाल ती स्वल्पविरामासकट उतरवून काढत असते.