नवघरमालकांसाठी प्रवेशिका

सर्वप्रथम शेअर बाजाराबद्दल जे काही ठाऊक असेल ते 'जुगार' या एका शब्दात बसवा. एवढ्या भांडवलावर पुण्यात दुसरा फ्लॅट घेता येतो. मुंबईकरांनी हीच कृती करावी, शून्यं मात्र ऐपतीप्रमाणे वाढवावीत.

वाकडकडचा ऐंशी लाखांचा टू बीएचके पसंत करा. भाडं महिना पंचवीस हजार येईल, असं एजंट सांगेल. तीन लाख भागिले ऐंशी लाख म्हणजे पावणेचार टक्के, हा हिशेब तिथल्या तिथे मोबाइलवर करा आणि मोबाइल लगेच खिशात घाला. कारण पुढे सात टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार मिळवायचे आहेत. बायकोच्या नावावर घेतलात तर शुल्कात एक टक्का सुटतो. निदान त्या निमित्ताने दारावरच्या पाटीवर तिचं नाव आधी लागेल. मग मेन्टेनन्सचे वर्षाला छत्तीस हजार, मिळकतकराचे वीस हजार, रिकामा गेलेला एक महिना आणि एजंटाचा एक महिना. हाती उरतात १ लाख ९४ हजार. लागलेल्या रकमेवर सव्वादोन टक्के. बँक कर्जावर आठ टक्क्यांच्या आसपास व्याज लावते, पण ते वेगळ्या वहीत लिहायचं.

मग भाडेकरू निवडा. 'फक्त फॅमिली' असं बजावा आणि तीन महिने घर रिकामं राहिल्यावर आयटीतल्या चार मुलांना द्या. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, असं सांगणारा शहाणा दर सोसायटीत एक असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, आणि जबाबदारी मालकाची.

इथवर सोपं होतं. आता बाथरूम.

रविवारी सकाळी पोहे पुढ्यात असताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ येईल. छतातून थेंब, खाली बादली, मागून आवाज, "अंकल, देखो ना." तुम्ही प्लंबर घेऊन जा. तो मान वर करून अर्धा मिनिट बघेल आणि म्हणेल, "साहेब, हे वरून येतंय." एवढ्याचे तो पाचशे घेईल. वरच्या फ्लॅटचे मालक न्यू जर्सीत. त्यांच्याकडे सकाळ झाली की फोन लावा. वॉटरप्रूफिंग आम्ही गेल्याच खेपेला करून घेतलं, असं ते शपथेवर सांगतील. सेक्रेटरी म्हणतील, हा दोन मेंबरांचा आपसातला विषय आहे. आयकर खातं तेवढं समजूतदार: मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट देतं, दुरुस्ती करा वा न करा. ती प्लंबरकडे बघूनच ठेवली असावी.

तरीही घरमालक रात्री शांत झोपतो, आणि ही विद्या शेअरवाल्याला येत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी कोसळला. ज्याने त्या दिवशी मोबाइल उघडला त्याने घाबरून विकलं. वाकडच्या फ्लॅटचा भाव त्या दिवशी किती पडला? कुणी विचारलंच नाही. फ्लॅटचा भाव लग्नकार्यात कळतो, जेवणाच्या पंगतीत कळतो आणि नेहमी चढाच असतो, कारण तो कुणीतरी मागितलेला असतो, कुणाला मिळालेला नसतो. "बारा लाखांना घेतला, आज कोटीचा आहे," असं सांगणाऱ्या काकांना साल विचारू नका. ते २००३ निघालं, तर मार्चअखेर ३,०५० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २०२५ च्या मार्चअखेर ७७,४०० झाल्याचं आठवेल आणि पंगतीत वाद होईल. (२००३ हा बाजाराचा तळ होता, साल शेअरवाल्यांच्या सोयीचं आहे, हे काकांना सुचलं तर मुकाट मान्य करा.) पण बावीस वर्षं शेअर न विकता बसलेले किती भेटतात? फ्लॅट मात्र सगळेच धरून बसतात, कारण विकणं इतकं कटकटीचं असतं की मोह होण्याआधीच दम लागतो.

तरी विकायचाच झाला, तर लक्षात ठेवा: शेअरचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात आणि गरजेपुरते दहाच विकता येतात. मुलीच्या फीसाठी नुसतं स्वयंपाकघर विकता येत नाही. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र शोधून ठेवा. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापेल. तो सगळं बघेल, बाथरूममध्ये जरा जास्त वेळ काढेल आणि निघताना चपला घालत हळूच विचारेल, "थोडी रक्कम रोखीत चालेल का?" नाही म्हणा, आणि पुढच्या रविवारसाठी एजंटाला नवं गिऱ्हाईक आणायला सांगा.